तिसरी ओळ

पाटीवर तीन ओळी असत.
पहिली इंग्रजी, दुसरी हिंदी,
दोन्ही कॅम्पातल्या बाबूने टंकून दिलेल्या.
तिसरीपुढे नुसतंच लिहिलेलं: मराठी.
ती माझ्या बापाने लावायची.

दगडू गांगुर्डे पेंटर, मुक्काम भगूर,
शिक्षण सातवी, अक्षर वळणदार.
कॅरिअरला पत्रा, हँडलला दोन डबे, पिवळा नि काळा,
आणि अंगाला असा टर्पेंटाइनचा वास
की आमचं मांजरही त्याच्या ताटापासून लांब बसे.

शब्दासाठी तो अडून राही.
घास हातात धरून विचारी,
'डेपोला आपल्यात काय म्हणतात गं?'
आई म्हणाली, आगार.
झालं.
दारूगोळा आगार. ठसठशीत, दीड फुटी.
चौथ्या दिवशी लहवितची ठकूबाई मेंगाळ
पाटीखाली पिशवी मांडीवर घेऊन बसली,
घोटीची गाडी कधी सुटते विचारत.
पहारेकऱ्याने तिला पाणी दिलं,
सावलीत सरकवलं.
गाडी काही त्याला देता आली नाही.

मग बाबाने जुने शब्द काढले,
रामशेजच्या पायथ्याला त्याचा मामा राही, त्याच्या तोंडचे:
गोट, मेट, पागा, अंबारखाना.
बाबू म्हणाला, गांगुर्डे, घोडे कुठे राहिलेत आता?
बाबा म्हणाला, शब्द तर राहिलाय ना साहेब,
बांधा त्यात काहीतरी.

एकच शब्द दोघांनाही बदलावासा वाटला नाही.
चांदमारी.
मी लहान होते, मला वाटे रात्री तिथे
खरोखरच नेम धरत असतील,
म्हणून तर तो महिन्याच्या महिन्याला झिजतो.
बाबा म्हणाला, वेडे, चांद म्हणजे फळीवरचा गोल.
वरच्याला हद्दीत यायला पास लागत नाही,
तो कुणाच्या यादीतच नाही.

आमच्या आज्याचं भुईमुगाचं वावर
सटवाईचा माळ म्हणून ठाऊक होतं चार गावांना.
त्यांच्या नकाशात तो पॉइंट सहाशे बारा.
सटवाई अजून तिथेच आहे.
वर्षातून एक सकाळ, आधार कार्ड दाखवून,
सहाशे बाराला आम्ही शेंदूर लावून येतो.

टेकडीवर लाल बावटा चढला
की शाळेच्या काचा आधीच थरथरू लागत.
भागाकार अर्ध्यावर ठेवून गुरुजी खडू उचलत,
आवाज येऊन जाऊ देत,
मग विचारत, बाकी किती?
निवृत्ती पिंगळे सगळ्यांत आधी सांगायचा.
तो सुट्टीत कुंपणाखालून पितळ वेचायला जाई.
एका सोमवारी नाही आला, पुढल्याही नाही,
आला तेव्हा उजव्या हाताला तीन बोटं होती.
गुरुजींनी त्या वर्षी पुन्हा कधी बाकी विचारली नाही,
गुणाकारच दिले.
बाबाने त्या कोपऱ्यावर नवी पाटी रंगवली, फुकट.
खतरा, धोका, आणखी काय लिहिणार.
रात्री म्हणाला, यादीत बराक आहे, बुरूज आहे, बंकर आहे,
आपण ज्या बाजूला राहतो तिला शब्दच नाही.

शेवटची पाटी त्याने चुकवली.
डोळे गेले होते, पत्रा कुठून सुरू केला विसरला,
दोन्ही अंगांना तेच रंगवून बसला:
लष्करी हद्द. पुढे जाऊ नये.
बाबूने पाहिलं नाही. ती तशीच उभी राहिली,
अर्धी आमच्याकडे तोंड करून, अर्धी आतल्यांकडे.

आत मोर्चावर एक तमिळ जवान असे, सेल्वम.
महिनाभर ती समोर बघून त्याने एकदा
डबे घेऊन चाललेल्या बाबाला हाक मारली,
मोडक्या हिंदीत विचारलं, ये क्या लिखा है?
बाबाने पाटीकडे पाहिलं,
डोळ्यांवर हात धरून, जणू दुसऱ्याचंच अक्षर.
मग म्हणाला, लिखा है,
उधर गाँव है.